एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करतं?

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझा मीच निवडायचा असं सांगितलंय. एकाने फोनवर सुचवलं होतं, "एआयवर बोल, सगळ्यांना सध्या तेच हवं असतं." मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर तेच बोलते. म्हणून ठरवलं की इथे एका सिनेमाबद्दल बोलायचं. सिनेमा ॲनिमेशनचा आहे, जपानी आहे, दुसऱ्या महायुद्धातला आहे. हे ऐकल्याबरोबर मागच्या बाकावरची मंडळी चहाला उठायच्या बेतात दिसतायत. बसा. मागच्या बाकावरचे अजून तेच आहेत हे बघून बरं वाटलं. या सिनेमात रणांगण नाहीच म्हटलं तरी चालेल. स्वयंपाक मात्र भरपूर आहे.

सिनेमाचं जपानी नाव 'कोनो सेकाई नो कातासुमी नी'. मराठीत 'जगाच्या या कोपऱ्यात' असं म्हणता येईल. 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' या इंग्रजी नावाने शोधलात तर सापडेल. फुमियो कोनो या हिरोशिमात जन्मलेल्या चित्रकर्तीची चित्रकथा २००७ ते २००९ मध्ये क्रमशः आली होती. तिच्यावरून सुनाओ काताबुची या दिग्दर्शकाने हा सिनेमा केला. १२ नोव्हेंबर २०१६ ला तो जपानात लागला.

माझ्यापर्यंत तो कामामुळे आला. पुण्यातल्या आयटीवाल्यांना जपानी शिकण्याचं वेड आहे हे तुम्हाला माहीत आहे. मीही दोन परीक्षा दिल्या आणि एका प्रकल्पासाठी काही महिने ओसाकाला राहिले. तिथल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं, "हिरोशिमाला जाणार असाल तर आधी हा सिनेमा बघा, आणि मग कुरेलाही जा." मी दोन्ही केलं.

आता गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी कान बंद करावेत, पण शेवट माहीत असूनही हा सिनेमा तेवढाच लागतो.

सुझू नावाची मुलगी हिरोशिमाच्या एबा भागातली. घरी समुद्रशेवाळाचा धंदा. स्वभावाने वेंधळी, कायम तंद्रीत, पण हातात पेन्सिल आली की सुंदर चित्रं काढते. फेब्रुवारी १९४४ मध्ये, अठराव्या वर्षी तिचं लग्न होतं आणि ती कुरेला सासरी येते. कुरे हिरोशिमापासून वीसेक किलोमीटरवर, जपानी नौदलाचं मोठं बंदर. सासर डोंगरउतारावर, अंगणात उभं राहिलं की खाली युद्धनौका दिसतात. नवरा लष्करी न्यायालयात कारकून, सासरे विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात, सासूचे पाय दुखरे. आणि एक नणंद, केइको, जिभेने तिखट, ती आपल्या हारुमी नावाच्या लहान मुलीला घेऊन माहेरी परत येते. नवीन सून, फटकळ नणंद, पाणी डोंगर चढून आणायचं. जपानी नावं काढून टाकली तर ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडू शकेल.

यानंतरचा जवळजवळ अर्धा सिनेमा म्हणजे सुझूचा संसार आहे. रेशन कमी होत जातं. भात पुरवायचा कसा, तर तांदूळ आधी कोरडे भाजायचे आणि मग भरपूर पाण्यात शिजवायचे, म्हणजे ते फुगून दुप्पट दिसतात. घरचे ताटाकडे बघून खूश होतात आणि पहिल्या घासालाच गप्प. रानातली पानं खुडून आणायची आणि त्यांची भाजी करायची. लग्नातला किमोनो कापून त्याचे काम करायचे पायजमे शिवायचे. साखरेच्या भांड्याला मुंग्या लागतात, म्हणून सुझू ते पाण्यात तरंगत ठेवायला जाते आणि महिनाभराची साखर पाण्यात जाते. मग काळ्या बाजारातून घेताना ती भाव ऐकून चक्रावते. थिएटरात या सगळ्याला लोक हसतात. मीही हसले.

एक प्रसंग मला फार आवडतो. 'यामातो' ही जपानची सगळ्यात मोठी युद्धनौका कुरेतच बांधली गेली. ती बंदरात येते तेव्हा नवरा सुझूला डोंगरावरून मोठ्या अभिमानाने दाखवतो. सांगतो, हिच्यावर अडीच हजारांहून जास्त माणसं आहेत. सुझू थक्क होते. पण तिला तोफा किती, वेग किती, असलं काही सुचत नाही. तिला पडलेला प्रश्न असा की एवढ्या माणसांचा रोजचा स्वयंपाक कोण करतं? आणि धुणं?

मी कुरेला गेले तेव्हा 'यामातो'च्या नावाचं संग्रहालय पाहिलं. तिथे या नौकेची एक दशांश आकाराची प्रतिकृती आहे, तीसुद्धा २६ मीटर लांब. लहान मुलं वडिलांचा हात धरून तोफा मोजत होती. मी पोलादाच्या त्या सुबक कामाकडे बघत होते आणि डोक्यात सुझूचाच प्रश्न होता. खरी 'यामातो' ७ एप्रिल १९४५ ला बुडाली. स्वयंपाकीही तिच्याबरोबरच गेले असणार.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. काताबुचींनी हा सिनेमा ज्या पद्धतीने केला, ते वाचून मला एखाद्या चांगल्या इंजिनिअरबद्दल वाटावा तसा आदर वाटला. ते पुन्हा पुन्हा हिरोशिमा-कुरेला गेले. कोणत्या तारखेला हवा कशी होती, हल्ल्याचा भोंगा कधी वाजला, त्या दिवशी बंदरात कोणत्या नौका होत्या, रेशनवर काय मिळत होतं, हे सगळं नोंदींवरून जुळवलं. १९ मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात आकाशात रंगीत धुराचे गोळे दिसतात. मला वाटलं, ही चित्रकार मुलीची कल्पना. पण विमानविरोधी तोफांच्या गोळ्यांचा धूर खरोखरच रंगीत असायचा. आणि सुझू त्या भीषण क्षणी पहिला विचार करते तो असा, की आत्ता रंग हाताशी असते तर! मग स्वतःच दचकते.

सिनेमाच्या सुरुवातीला, १९३३ च्या डिसेंबरात, लहान सुझू शेवाळाचं गाठोडं घेऊन नाकाजिमा होनमाची नावाच्या बाजारपेठेत जाते. ती पेठ आज नाही. अणुबाँब तिच्यावरच पडला म्हटलं तरी चालेल, आणि तिच्या जागी आता शांतता उद्यान आहे. आपल्यासारखे पर्यटक तिथे फिरतात तेव्हा वाटतं, इथे आधीपासून मोकळं मैदानच असेल. काताबुचींनी तिथल्या हयात रहिवाशांना विचारून एकेक दुकान, पाट्या, दुकानांसमोरची माणसं पुन्हा उभी केली. सिनेमातलं तैशोया हे किमोनोचं दुकान १९२९ मध्ये बांधलेलं. काँक्रीटच्या त्या इमारतीचा सांगाडा टिकला आणि आज तिथे पर्यटकांसाठी विश्रांतिगृह आहे. मी त्याच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्याले. सिनेमा बघितला नसता तर ती एक साधी बिल्डिंग असती.

मी कामात रोज अहवाल बनवते. लाखो नोंदींची बेरीज करायची आणि एक आकडा पडद्यावर दाखवायचा. वरिष्ठांना एकच आकडा हवा असतो. हिरोशिमाचाही एक आकडा आहे: १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० मृत्यू. दहावीला आपण असले आकडे पाठ केले. इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना सांगते, दुसऱ्या महायुद्धाची कारणं मला अजून क्रमाने म्हणता येतात. बेरीज चुकीची नसते, पण बेरीज झाली की एकेक ओळ दिसेनाशी होते. या सिनेमाने ओळी परत आणल्या: अमक्या दुकानात कोण बसायचं, अमक्या दिवशी कुणाच्या चुलीवर काय शिजलं.

अशा सिनेमाला पैसे मिळणं अवघडच. २०१५ मध्ये निर्मात्यांनी लोकांकडे मदत मागितली. ३,३७४ लोकांनी मिळून सुमारे ३ कोटी ९० लाख येन दिले. त्यांची नावं शेवटच्या श्रेयनामावलीत आहेत. सुरुवातीला साठेक थिएटरांत लागलेला हा सिनेमा मग लोकांनी एकमेकांना सांगून सांगून पुढे नेला. जपानी अकादमीचं सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं पारितोषिकही मिळालं. सभागृहातल्या वर्गणी न दिलेल्यांनी नोंद घ्यावी की वर्गणीतून किती चांगली कामं होतात.

पण मी इथे उभी आहे ती या कौतुकासाठी नाही. सिनेमा दोनदा बघितल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली, ती तुमच्यासमोर मांडायची आहे.

सुझू आपल्याला आवडते कारण ती निभावून नेते. रेशन कमी झालं, ती मार्ग काढते. भोंगा वाजला, खंदकात जाते, परत आली की चूल पेटवते. एकदा ती डोंगरावर बसून बंदरातल्या नौकांचं चित्र काढत असते. लष्करी पोलीस तिला हेर समजून पकडतात, घरी येऊन सगळ्यांना दमात घेतात. घरचे गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतात. आणि पोलीस गेल्यावर हसून हसून लोळतात: ही वेंधळी, आणि हेर! हसून साजरं करतात आणि पुढे जातात. त्या १९ मार्चच्या हल्ल्यात डोक्यावर विमानं असताना सासरे त्यांच्या इंजिनांविषयी कौतुकाने बोलत राहतात आणि बोलता बोलता कोसळतात. सुझूला वाटतं, गेले. ते रात्रपाळी करून आलेले असतात, त्यांना झोप लागलेली असते. पुन्हा हशा.

आपल्यापैकी मुलींना हे फार ओळखीचं आहे. निरोपसमारंभाच्या वेळी आपण सगळ्यांच्या वहीत सह्या घेतल्या होत्या, आठवतं? मी माझी वही शोधून काढली. मुलांच्या वह्यांत मोठ्यांनी काय लिहिलं होतं ते मुलांनी सांगावं. माझ्या वहीत तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांनी एकच आशीर्वाद दिलाय: जिथे जाशील तिथे जुळवून घे. मनापासून दिलेला आशीर्वाद होता तो, आणि खोटा नव्हता. नोकरीत, सासरी, परदेशात, कोविडमध्ये, आपण सगळ्यांनीच जुळवून घेतलं. जुळवून घेतल्याशिवाय माणूस तगत नाही.

पण सुझू नेमकं कशाशी जुळवून घेते आहे? तांदूळ फुगवून ताट भरलेलं दिसतं, म्हणून उद्या पुन्हा कारखाना चालू राहतो. सासरे ज्या इंजिनांवर माया करतात ती लढाऊ विमानांत बसतात. नवऱ्याच्या कचेरीत सैनिकांवर खटले चालतात. हे घर प्रेमळ आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही, आणि याच घराच्या, अशा लाखो घरांच्या निभावण्यावर ते युद्ध आणखी एक दिवस, आणखी एक दिवस असं चालत राहतं. सिनेमा हे कुठेही बोलून दाखवत नाही, सुझूला दोषही देत नाही. ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, तिने काय करायचं होतं? पण तो ते लपवतही नाही.

जून १९४५ मध्ये सुझू छोट्या हारुमीला घेऊन दवाखान्यात सासऱ्यांना भेटायला जाते. हारुमीला युद्धनौकांची भारी आवड. प्रत्येकीचं नाव तिला पाठ. परत येताना भिंतीला पडलेल्या भगदाडातून बंदर दिसेल म्हणून ती हट्ट करते. सुझूने तिचा हात उजव्या हातात धरलेला असतो. उशिरा फुटणाऱ्या बाँबबद्दल शेजारणींच्या वर्गात सांगितलेलं असतं, ते सुझूला आठवतं, पण क्षणभर उशिरा. हारुमी जाते. सुझूचा उजवा हात जातो, ज्याने ती चित्रं काढायची.

पुढचं मला सगळ्यात जास्त लागलं. भेटायला येणारे सगळे म्हणतात, "बरं झालं." बरं झालं जीव वाचला. बरं झालं जखम भरली. बरं झालं घर जळालं नाही. हे म्हणणारी सगळी भली माणसं आहेत, आणि तेच त्यांचं निभावणं आहे. सुझू मनात विचारते, काय बरं झालं? कुठे बरं झालं? मला कळतच नाही. पूर्ण सिनेमाभर जुळवून घेणारी मुलगी पहिल्यांदा जुळवून घ्यायला नकार देते, आणि तोही मनातल्या मनात.

६ ऑगस्टच्या सकाळी ती माहेरी, हिरोशिमाला, परत जायच्या तयारीत असते. केइकोशी बोलणं होतं, इतके दिवस साचलेलं बाहेर येतं, आणि सुझू थांबते. तेवढ्यात खोलीत प्रकाश चमकून जातो. कुरेमधून हिरोशिमा तेवढाच दिसतो: एक प्रकाश, मग हादरा, मग डोंगरापलीकडे वर चढत जाणारा ढग. नऊ दिवसांनी, १५ ऑगस्टला, सगळे रेडिओसमोर बसून सम्राटाचं भाषण ऐकतात. युद्ध संपलं. बाकीचे सुस्कारा सोडतात. आणि आपली गरीब गाय सुझू संतापते. शेवटपर्यंत लढायचं ठरलं होतं ना? अजून इथे पाच जण आहोत, माझा डावा हात आहे, दोन पाय आहेत!

मला पहिल्यांदा हा राग समजला नव्हता. दुसऱ्यांदा समजला. हे सगळं सोसलं त्याला काहीतरी अर्थ आहे, असं धरून ती जगत होती. हारुमी कशासाठी गेली? भात फुगवला तो कशासाठी? एका भाषणाने तो अर्थ काढून घेतला. ती शेतात जाऊन रडते, आणि रडता रडता तिच्या लक्षात येतं की आपण समुद्रापलीकडून आलेल्या तांदळावर, सोयाबीनवर वाढलो. आपलं शरीरच त्याचं बनलंय. खाली वस्तीत कुठेतरी कोरियाचा झेंडा वर चढताना क्षणभर दिसतो. जपानने कोरियावर पस्तीस वर्षं राज्य केलं होतं. बस, एवढंच. कुणी समजावून सांगत नाही. पण जिने आयुष्यभर फक्त ताटात किती आहे हे पाहिलं, ती पहिल्यांदा विचारते की ताटातलं आलं कुठून.

इथे मला आपल्याकडचं आठवतं, कारण तांदळाचा हा धागा आपल्यापर्यंत येतो. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून बंगालला येणारा तांदूळ थांबला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागे ते एक कारण होतं. ब्रिटिश सरकारची धोरणं, साठेबाजी, चढे भाव ही बाकीची. २० ते ३० लाख माणसं गेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. सुझूच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी, १४ एप्रिल १९४४ ला, मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. तो स्फोट आठवला की आजही लोक हवेत उडालेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट सांगतात. त्या रात्री हजारो माणसं बेघर झाली, त्यांनी दुसऱ्या दिवशी कुठे चूल मांडली, ते सांगणारं फार कोणी उरलं नाही. आपल्याकडे तिकडचे रहिवासी शोधून एकेक दुकान उभं करणारा काताबुची झाला नाही.

आता आपल्या वर्गाकडे येते. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा आपल्या ग्रुपवर काय चाललं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. मी कुणाला नावं ठेवायला उभी नाही. राग येण्यासारखं घडलेलं होतं आणि राग मलाही आला होता. नकाशे येत होते, विमानांची तुलना येत होती, कुणाकडे किती क्षेपणास्त्रं याचे तक्ते येत होते. आपल्यातली एक जण तेव्हा जम्मूत होती. तिचा नवरा सैन्यात आहे. तिची परवानगी घेऊन सांगते. आपण तिला विचारलं, "काय गं, कसं काय तिकडे?" तिने लिहिलं, "अंधार केलाय. पाणी भरून ठेवलंय. मुलांना लवकर जेवायला दिलं." त्यावर आपण अंगठे आणि झेंडे पाठवले. त्यानंतर चार दिवस ती ग्रुपवर काही बोलली नाही.

परवा तिला हा सिनेमा पाठवला. बघून तिचा फोन आला. म्हणाली, "त्या दिवसांत मला सगळे म्हणत होते, तू किती खंबीर आहेस. मला खंबीर व्हायचं नव्हतं गं. मला कुणीतरी विचारायला हवं होतं, की तुझ्या घरात गॅस आहे का."

म्हणून मला वाटतं, निभावून नेण्याचं कौतुक जरा हात राखून करावं. संकट येतं तेव्हा निभावावंच लागतं, आणि निभावणाऱ्या माणसाला नमस्कारच करावा. पण आपण जे घरात सुरक्षित बसून दुसऱ्याच्या निभावण्यावर टाळ्या वाजवतो, त्यांचं काम टाळ्यांचं नाही. सुझूला कुणी विचारायची सोय नव्हती. चित्र काढलं तरी पोलीस दारात आले. आपल्याला विचारता येतं. युद्ध कधी अटळ असतं का, या प्रश्नावर आपल्यात मतभेद राहतील; आपल्यात सैन्यातली माणसं आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ज्या दिवशी पुन्हा नकाशे आणि तक्ते यायला लागतील, त्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी सुझूचा प्रश्न टाका: यात एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करणार आहे? त्यांची नावं काय? त्यांच्याकडे गॅस आहे का?

सिनेमाचा शेवट सांगायचा राहिला. युद्धानंतर सुझू आणि तिचा नवरा हिरोशिमात एका बाकावर बसून आपल्याकडचं थोडं खात असतात. एक छोटी अनाथ मुलगी येऊन सुझूला चिकटते. तिच्या आईचाही उजवा हात गेला होता. आई मुलीशेजारीच गेली. दोघं तिला उचलून कुरेला घरी आणतात. लेकीच्या दुःखाने आतून मोडलेली केइको तिच्यासाठी हारुमीचे जुने कपडे काढते. मुलीच्या अंगावर उवा आहेत, म्हणून सगळे आधी पाणी तापवायच्या मागे लागतात. हेही निभावणंच आहे, पण या वेळी ते एका मुलीसाठी आहे, आणि तिला घरी आणायचं त्यांचं त्यांनी ठरवलेलं आहे.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. आठवी-नववीच्या मुलांना हा सिनेमा शाळेच्या सभागृहात दाखवायला त्यांची हरकत नाही. लहान वर्गांना नको, हारुमीचा प्रसंग त्यांना झेपणार नाही. मराठी उपशीर्षकं मिळत नाहीत, म्हणून दाखवण्याआधी कुणीतरी गोष्ट समजावून सांगायला हवी. मी तयार आहे, आणखी दोघं लागतील. दुसरं, ज्यांच्या घरी १९४०च्या दशकातलं काही सांगणारं माणूस अजून आहे, त्यांनी फोनवर का होईना, रेकॉर्ड करून ठेवा. कोण कुठल्या लढाईत होतं हे नंतर विचारा. आधी विचारा, रेशनवर काय मिळायचं आणि तुमच्या आईने त्याचं काय केलं.

जेवणाची घंटा व्हायला आली आहे. आज आपल्या दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या चार मदतनीस पहाटे पाचपासून मागच्या पडवीत आहेत. जेवायला जाताना त्यांची नावं विचारून घेऊया.